बातमीचा सौदा

शेअरबाजारात जोखीम आहे, हे आम्ही कामगारांना नेहमीच सांगतो. पण शकुनीच्या फाशांना जोखीम म्हणावे काय?

१९८३ साली न्यूयॉर्कच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या एका सदरात ज्या कंपनीविषयी बरेवाईट येई, तिच्या शेअरचा भाव हाले. सदरलेखक फॉस्टर वायनन्स छपाईपूर्वीच मजकूर एका दलालाला कळवू लागला. दलालांना सुमारे ६,९०,००० डॉलर नफा झाला. लेखकाच्या घरी आले सुमारे ३१,०००. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. न छापलेली बातमी ही वृत्तपत्राची मालमत्ता, असे ठरले. म्हणजे ठकला तो मालक, वाचक नव्हे!

म्हणून घामाचा पैसा गुंतवण्याआधी आपणच विचारले पाहिजे: सल्ला देणाऱ्याचा या सौद्यात वाटा किती?