निकामी तोफा, नवे गाडे : जुन्या दारूगोळ्याच्या जतनाचे शास्त्र
विशेष प्रतिनिधी

वांगणी : कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने अंबरनाथ आणि बदलापूर मागे टाकले, की पुढचे स्थानक वांगणी. चंदेरी किल्ल्याकडे निघालेली तरुण मंडळी सुटीच्या दिवशी येथे पाठीवर पिशव्या घेऊन उतरताना दिसतात. या पट्ट्याला दारूगोळा हा शब्द परका नाही. अंबरनाथची आयुध निर्माणी काडतुसांना लागणाऱ्या पितळेसारख्या धातुकामासाठी ओळखली जाते. ऑक्टोबर 2021 मध्ये देशातील आयुध निर्माण्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा ती 'यंत्र इंडिया'कडे गेली. शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी चिलखती वाहनांच्या कंपनीत समाविष्ट झाली. आधुनिक दारूगोळ्याशी असे नाते असलेल्या या भागातील तरुणांना गेल्या काही वर्षांत मात्र जुन्या, निकामी शस्त्रसामग्रीच्या जतनाचे वेड लागले आहे. गडावर मातीत रुतलेली तोफ वर काढायची, स्वच्छ करायची आणि सागवानी गाड्यावर पुन्हा विराजमान करायची, असे हे काम. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी राज्यातील अनेक किल्ल्यांवर असे तोफगाडे बसवले आहेत.

हे काम वरकरणी सुताराचे वाटते. प्रत्यक्षात त्याचा पहिला प्रश्न सुतारकामाचा नाही. तोफ खरोखरच रिकामी आहे काय, हा तो प्रश्न होय.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एक जुनी तोफ जानेवारी 2013 मध्ये साफसफाईसाठी उघडण्यात आली, तेव्हा तिच्यात गोळा आणि सुमारे 800 ग्रॅम दारू निघाली. दोन शतकांहून अधिक काळ ती भरलेलीच होती आणि त्यातील बराच काळ लोकांसमोर मांडलेली होती. अमेरिकेतीलच व्हर्जिनिया राज्यात फेब्रुवारी 2008 मध्ये यादवी युद्धाच्या काळातील एक आरमारी गोळा साफ करताना त्याचा स्फोट होऊन अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला. तो गोळा सुमारे 140 वर्षांपूर्वीचा होता. काळी दारू कोरडी राहिली तर केवळ जुनी झाली म्हणून ती मरत नाही.

आपल्याकडेही याचे चटके बसलेले आहेत. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटकांचा स्फोट झाला. त्या गोदीच्या गाळातून 2011 मध्येही जिवंत तोफगोळा निघाला. 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर तो उतरवतानाच स्फोट होऊन सहा जण दगावले. तेथे तर काम अधिकृत होते. भंगारातून आणलेला गोळा घरी, कानशीने घासणाऱ्या हौशी माणसाची स्थिती काय सांगावी?

तोफेच्या बाबतीत तपासणीची एक जुनी, साधी रीत आहे. लाकडी काठी नळीत हळुवार सरकवायची, जेथे टेकेल तेथवरची लांबी खुणेने मोजायची आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरायची. टोक बत्ती देण्याच्या छिद्रापाशी पोहोचले, तर नळी बहुधा रिकामी. वीतभर जरी अलीकडे थांबले, तरी आत काहीतरी आहे. ती माती असेल, गांधीलमाशीचे घर असेल, किंवा गोळा आणि दारूही असेल. अशा वेळी काम तेथेच थांबवावे व पोलिसांना कळवावे. हे मोजमाप करताना कोणीही तोंडासमोर उभे राहू नये, विस्तव व लोखंडी गज लांब ठेवावा. ग्राइंडर आणि ड्रिल यांचे तर नावच नको.

या छिद्राला मराठीत तोफेचा 'कान' म्हणतात. शत्रूच्या तोफांच्या कानात मेखा ठोकून त्या निकामी केल्याचे उल्लेख इतिहासात वारंवार येतात. अशी मेख आजही कानात रुतलेली आढळली, तर ती उपसून काढण्याचा मोह आवरावा. ती तोफेच्या चरित्राचा भाग आहे.

यानंतर धातूची पाळी. डोंगरी किल्ल्यावरील ओतीव लोखंडाचा सुटा गंज मऊ ब्रशने काढून, टॅनिक आम्लाचा हात देऊन वर मेणाचा पातळ थर चढवला, तर बऱ्याचदा भागते. समुद्रातून निघालेल्या तोफेचे तसे नाही. खारे पाणी लोखंडात मुरलेले असते. ती वाऱ्यावर वाळली की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. तिला अल्कधर्मी द्रावणात बुडवून क्षार हळूहळू काढावे लागतात आणि त्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात. आपल्याकडे सर्वाधिक हानी केली ती चकचकीत ऑइल पेंटने. ठिकठिकाणच्या चौकांत व कार्यालयांसमोर काळ्या रंगात न्हाऊन निघालेल्या तोफा पाहाव्यात. रंगाच्या थरांखाली अक्षरे आणि आकडे बुजून गेलेले असतात.

हे आकडे म्हणजे तोफेचा दाखलाच. अनेक इंग्रजी तोफांवर तीन अंक एका ओळीत कोरलेले असतात. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंडांचा. दुसरा 28 पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. समजा 32-2-14 असे लिहिले आहे, तर वजन 3654 पौंड, म्हणजे सुमारे 1657 किलो झाले. गाडा बनवणाऱ्या सुताराला याहून मोलाची माहिती दुसरी नाही.

खरा वाद गाड्यावरून होतो. मैदानी तोफेचा गाडा दोन मोठ्या चाकांचा आणि मागे लांब शेपूट असलेला. तटावरची तोफ चार बुटक्या चाकांच्या, मागे पायऱ्या असलेल्या ठोकळ्यावर बसे. जहाजावरचा गाडाही जवळपास असाच. तटावरच्या अवजड तोफेला मोठ्या चाकांचा दिमाखदार गाडा लावला, की छायाचित्र झकास येते, पण इतिहास चुकतो. मूळ गाड्यांचे लाकूड बहुतेक ठिकाणी केव्हाच कुजून गेले आहे. त्यामुळे नवा गाडा ही प्रतिकृतीच असणार आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्यावर कोठेतरी, सहज न दिसणाऱ्या जागी, बनवल्याचे वर्ष कोरलेले असावे. शंभर वर्षांनी पाहणाऱ्याला जुने कोणते व नवे कोणते हे कळले पाहिजे. हाच नियम तोफगोळ्यांच्या संग्रहालाही लागू. मूळ पितळी पुंगळी असेल आणि वरचा गोळा लाकडाचा किंवा लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमचा असेल, तर तसे फलकावर लिहावे.

नव्या गाड्याचा शत्रू म्हणजे कोकणचा पाऊस. सागवानाला पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तेल द्यावे लागते. नळीचे तोंड किंचित खाली झुकवावे किंवा लाकडी बूच लावावे, म्हणजे पाणी साचत नाही. उद्घाटनाला हार घालणारे पुष्कळ असतात, तेलाचा डबा घेऊन गड चढणारे थोडे.

मोठ्या तोफांसाठी सरकारी बळच लागते. राजभवनाच्या आवारात 2018 मध्ये सापडलेल्या दोन ब्रिटिशकालीन तोफा प्रत्येकी सुमारे 22 टनांच्या आणि 4.7 मीटर लांबीच्या. त्या क्रेनने उचलून जतन करण्यात आल्या. उलट, 1549 मध्ये अहमदनगरात ओतलेली विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1854 मध्ये लिलावात 150 रुपयांना विकली गेली होती. पुढे ती विक्री रद्द झाली, म्हणून ती आज पाहता येते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना तोफ हलवणे तर सोडाच, तिच्याखालची माती उकरणेही गुन्हा ठरू शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. पुरावस्तूचे मूल्य असलेली आणि दुरुस्तीनंतरही वापरता न येणारी शस्त्रे बाळगण्यास कलम 45 मध्ये सूट आहे. तथापि, ती सूट आपल्या वस्तूला लागू होते काय, हे संग्राहकाने स्वतः ठरवू नये. बाजारातून 'निकामी' म्हणून घेतलेल्या गोळ्यासोबत स्फोटकमुक्त असल्याचे लेखी प्रमाणपत्र मागावे. अनेक देशांत सरावाच्या गोळ्यांना निळा रंग देतात, परंतु रंग कोणालाही देता येतो. तो पुरावा नव्हे.

ज्यांना निर्धोकपणे ही सामग्री पाहायची आहे, त्यांना फार दूर जावे लागत नाही. नौदलाची निवृत्त 'टी-80' ही नौका 2024 मध्ये कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीकिनारी आणण्यात आली. रणगाड्यांसाठी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, 1994 मध्ये सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे.

वांगणी-बदलापूर परिसरात सध्या इमारतींसाठी सर्वत्र खोदकाम सुरू असते. त्यात किंवा भंगारात गोळ्यासारखी वस्तू आढळल्यास ती उचलू नये, धुऊ नये, पोलीस ठाण्यात घेऊन जाऊ नये. जागेची खूण ठेवून दूर व्हावे आणि 112 क्रमांकावर कळवावे. पुढील काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे.