पहिलाच गुन्हा, पण दहा वर्षं का?

कायद्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट आधी शोधा: शिक्षा ठरवताना कायदा न्यायाधीशाला काय विचारायला सांगतो? परदेशातून भारतात अमली पदार्थ आणताना पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ.

१९३० च्या डेंजरस ड्रग्ज ॲक्टमध्ये पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षं कैद होती, पुन्हा केला तर ४. किमान शिक्षाच नव्हती. त्यामुळे तस्कर नाममात्र शिक्षेवर सुटतात, अशी तक्रार १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या उद्देशपत्रिकेतच आहे. म्हणजे न्यायाधीशाच्या हातातली मोकळीक हाच दोष मानला गेला. नव्या कायद्यात अशा आयातीला किमान १० आणि कमाल २० वर्षं सक्तमजुरी आली. वर कलम ३३ ने १८ वर्षांवरच्या अशा आरोपीला प्रोबेशनचा रस्ताही बंद केला.

२००१ च्या दुरुस्तीने नवा प्रश्न पुढे आणला: 'किती ग्रॅम?' हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, २५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं कायम राहिली. मधल्या टप्प्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा, पण किमान मर्यादा नाही. 'पहिलाच गुन्हा आहे' या युक्तिवादाला खरी जागा मिळते ती इथेच.

मग वकील ग्रॅमवर का भांडतात, ते आता कळेल. २००८ मध्ये ई. मायकेल राज खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भेसळ वगळून शुद्ध अमली पदार्थाचंच वजन धरा. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केलं आणि भेसळीसकट सगळं मिश्रण मोजायला सांगितलं. पुडी तीच, पण वजन धरायची पद्धत बदलली की आरोपी मधल्या टप्प्यातून व्यापारी प्रमाणात जाऊ शकतो.

आता संशोधनाचा मुद्दा. समजा, तुमच्या तक्त्यात दोघांपुढे '१० वर्षं' लिहिलंय: एक पैशासाठी बॅग उचलणारा, दुसरा धंदा चालवणारा. दोघांचा दोष न्यायाधीशाला सारखाच वाटला, असा निष्कर्ष लगेच काढू नका. पहिल्याला कदाचित कमी द्यावीशी वाटली असेल, पण कायद्याने खाली जाऊच दिलं नाही. म्हणून निकालपत्र वाचताना न्यायाधीशाने काय तोललं याच्या शेजारी, त्याला काय तोलताच येत नव्हतं, याचाही एक रकाना ठेवा.