विजेचे मनोरे आणि बालसारथी

बोरघाट उतरून खालीं आलें म्हणजे खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व त्याच्या कांठचें महादेवाचें देऊळ लागतें. घाटाच्या तोंडाशीं असलेल्या ह्या पाण्याचा वाटसरूंना व त्यांच्या बैलांना केवढा आधार वाटत असेल, हें कोंकणांतून पायीं देशावर चढून गेलेल्यांसच कळावें. त्याच खोपोलीस ८ फेब्रुवारी १९१५ रोजीं पाण्यापासून एक निराळेंच काम घेण्यास आरंभ झाला. लोणावळें, वळवण व शिरवटें येथें अडविलेलें पावसाचें पाणी पोलादी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं सोडून त्यानें पेल्टन चक्रें फिरविण्यांत आलीं. आणि त्यांतून निपजलेली वीज १,००,००० व्होल्टांच्या दाबानें, लोखंडी मनोर्‍यांच्या खांद्यांवरून, सुमारें ४३ मैलांवरील मुंबईच्या गिरण्यांकडे रवाना झाली. ज्यांच्या मनांत ही कल्पना प्रथम बाणली होती ते जमशेटजी टाटा १९०४ सालींच वारले होते. पुढें १९२२ त कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथें आंध्रा नदीच्या पाण्यावर, व १९२७ त भिरें येथें मुळशीच्या पाण्यावर अशींच दोन केंद्रें उभीं राहिलीं. मुळशीच्या धरणापायीं १९२१ पासून सेनापति बापटांनीं जो सत्याग्रह चालविला तो वाचकांस ठाऊक आहेच. त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

आमचा विषय धरणांचा नसून मनोर्‍यांचा आहे. नेरळ सोडून गाडी भिवपुरी रोडकडे निघाली, कीं भातशेतांतून पाय फाकून उभे असलेले हे चौपायी लोहपुरुष दिसूं लागतात. त्यांच्या हातांत तारा आहेत आणि सारे एका दिशेनें, पश्चिमेकडे, तोंड करून निघाल्यासारखे भासतात. ज्याच्या शेतांत त्यांनीं पाय रोवले त्याच्या घरांत मात्र अनेक वर्षें रॉकेलची चिमणीच जळत राहिली. वीज डोक्यावरून जात होती, घरांत येत नव्हती. कर्जत-खालापूरच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा इतिहास एका वाक्यांत सांगावयाचा झाला, तर आम्ही हेंच वाक्य निवडूं.

ह्या मनोर्‍यांची आठवण आम्हांस एका फार दूरच्या ठिकाणीं झाली. जपानी लोक ज्यास ॲनिमे म्हणतात त्या चलत्-चित्रांच्या प्रकारांत ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ नांवाची सव्वीस भागांची मालिका आहे. ४ ऑक्टोबर १९९५ पासून २७ मार्च १९९६ पर्यंत ती जपानांत प्रथम दाखविली गेली. आपल्याकडील पुष्कळ तरुणांनीं ती २०१९ पासून नेटफ्लिक्सवर पाहिली. तिचे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. चौदा वर्षांच्या मुलामुलींनीं प्रचंड यंत्रांच्या उदरांत बसून अज्ञात शत्रूंशीं झुंजावें, असें तिचें कथानक वरवर दिसतें. वडील मंडळी ‘पोरांचा खेळ’ म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु ती मालिका पोरांसाठीं असली तरी तिच्यांतील आरोप वडिलांवर आहे.

हा प्रकार जपानांत आकस्मिक उपजला नाहीं. १९५६ सालीं मित्सुतेरु योकोयामा ह्यांनीं ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली. तींत युद्धकाळांत शस्त्र म्हणून योजिलेला लोहपुरुष युद्ध संपल्यावर एका मुलाच्या ताब्यांत येतो. हरलेल्या राष्ट्रानें आपलें उरलेलें शस्त्र पुढच्या पिढीच्या हातीं द्यावें आणि आतां तूं याचा चांगला उपयोग कर असें सांगावें, हा त्या कथेचा गाभा. ह्याच योकोयामांच्या दुसर्‍या कथेवरून १९६७ त निघालेली ‘जायंट रोबो’ ही मालिका १९८० नंतरच्या दशकांत आपल्या दूरदर्शननेंही दाखविली. मनगटावरील घड्याळाशीं बोलून महायंत्रास आज्ञा करणारा तो मुलगा आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या अनेक मराठी गृहस्थांस अजून आठवत असेल. १९७२ च्या ‘माझिंगर झेड’ मध्यें मुलगा यंत्राच्या मस्तकांत जाऊन बसला. तें यंत्र त्यास आजोबांकडून मिळालेलें. १९७९ च्या ‘गंडाम’ मध्यें पंधरा वर्षांचा नायक बापानें आंखलेलें यंत्र चालवितो, आणि तेथें प्रथमच युद्ध हें थकविणारें, घाण काम म्हणून दाखविलें गेलें. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे: यंत्र नेहमीं वडिलोपार्जित असतें.

आन्नो ह्यांनीं ह्या वारशाचाच हिशेब मागितला. त्यांचा शिंजी हा मुलगा कित्येक वर्षांनीं बापाच्या बोलावण्यावरून येतो. मायेपोटीं बोलावलें असेल ह्या आशेनें येतो, आणि त्याच्यापुढें यंत्र उभें केलें जातें. बस, नाहीं तर परत जा, एवढेंच बापाचें म्हणणें. तो नकार देतो, तेव्हां जखमी मुलगी खाटेवरून आणून त्याच्यासमोर ठेवण्यांत येते. मग तो बसतो. हा शौर्याचा प्रसंग आहे असें कोणी म्हणेल. आमच्या मतें ती शुद्ध अडवणूक आहे, आणि दिग्दर्शकानें ती अडवणूक म्हणूनच दाखविली, हें त्याचें मोठेपण.

आपल्या वाचकांस ह्या ठिकाणीं विराटपुत्र उत्तर आठवल्यावांचून राहणार नाहीं. अंतःपुरांत बढाया मारणारा तो राजपुत्र कौरवांचें सैन्य दिसतांच रथांतून उडी टाकून पळत सुटतो आणि बृहन्नडा त्यास धरून परत आणते. आपण शतकानुशतकें त्या प्रसंगास हंसत आलों. परंतु अर्जुनानें तेथें काय केलें तें पहावें. पोराला पुढें ढकलून तो मागें राहिला नाहीं. त्यास सारथ्यास बसवून धनुष्य त्यानें स्वतः घेतलें. शिंजीच्या नशिबीं असा अर्जुन नाहीं. त्याची गोष्ट अभिमन्यूच्या जवळची आहे: आंत शिरण्याची विद्या मुलास दिली, बाहेर काढण्याची जबाबदारी वडिलांनीं घेतली, आणि वडील वेळेवर पोंचले नाहींत.

आतां मनोर्‍यांकडे वळतों. इव्हँजेलियनमधील यंत्राच्या पाठीस एक जाड विजेची तार जोडलेली असते. ती तुटली कीं यंत्र जेमतेम पांच मिनिटें चालतें. ही योजना कथेच्या सोयीची आहे यांत शंका नाहीं, परंतु तिचा अर्थ खोल जातो. जगाचा त्राता म्हणविणारा हा महापुरुष नाळ न तुटलेल्या अर्भकासारखा आहे. आणि पुढें उलगडतें कीं, त्या यंत्रांत मुलाच्या आईचाच जीव कोंडलेला आहे. सहाव्या भागांत एका शत्रूस भेदण्यासाठीं सार्‍या जपानची वीज एका बंदुकीकडे वळविण्यांत येते. एकेक शहर काळोखांत बुडत जातें, डोंगरांतून तारांचीं जाळीं धांवतात, आणि शेवटीं त्या सगळ्या राष्ट्राचा प्रकाश एका भ्यालेल्या मुलाच्या बोटाशीं येऊन थांबतो. ह्या मोहिमेस ‘याशिमा’ हें नांव दिलें आहे. ११८५ सालच्या याशिमाच्या लढाईंत नासु नो योइचि नामक तरुण धनुर्धरानें हेलकावणार्‍या नावेवरील पंखा एका बाणानें उडविला, अशी जपान्यांची आवडती कथा आहे. ती येथें अभिप्रेत असावी. मार्च २०११ मधील भूकंपानंतर वीज अपुरी पडूं लागली, तेव्हां जपानांतील तरुणांनीं घरचे दिवे मालवून वीज वांचविण्याच्या आपल्या चळवळीस हेंच नांव दिलें.

पांचव्या-सहाव्या भागांतील हे अंधारणारे प्रदेश पाहतांना आम्हांस १९४२ चें कर्जत आठवलें. माथेरानच्या नाभिक कुटुंबांत १९१२ सालीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि मग शेतकर्‍यांसाठीं धान्याची कोठी व पोरांसाठीं शाळा काढण्यांत गुंतले. ऑगस्टचा उठाव झाल्यावर भाई कोतवालांनीं ‘आझाद दस्ता’ उभारला. त्यांत सुमारें ५० माणसें होतीं. शेतकरी होते, त्या शाळांतले मास्तर होते. त्यांनीं सरकारी खजिन्याकडे पाहिलें नाहीं. त्यांनीं पाहिलें तें शेतांतल्या त्या मनोर्‍यांकडे. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या ह्या तारांवर चालतात, आणि त्यांवरच युद्धाचा गाडा चालतो, हें वर्म त्यांस कळलें होतें. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ च्या दरम्यान त्यांनीं अकरा मनोरे पाडले. नाळ तोडली कीं महायंत्र थांबतें, हें कोणा जपानी कथाकारानें सांगण्यापूर्वीं अर्धें शतक अगोदर कर्जतच्या शेतकर्‍यांनीं करून दाखविलें होतें.

तुलना येथपर्यंतच न्यावी. कोतवाल तीस वर्षांचे होते. ते स्वतः पुढें होते, पोरांना पुढें घालून मागें बसले नव्हते. २ जानेवारी १९४३ च्या पहांटे सिद्धगडाच्या रानांत पोलिसांनीं दस्त्यास गांठलें. हिराजी पाटील गोळीनें पडले, आणि जखमी झालेल्या कोतवालांस हॉल नांवाच्या पोलीस अधिकार्‍यानें जवळून गोळी घातली. नेता आपल्या माणसांच्या आधीं किंवा बरोबर मरतो, तेव्हां त्याच्या आज्ञेबद्दल पुढच्या पिढीस प्रश्न विचारावा लागत नाहीं. त्यापूर्वीं १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारांत झेंडा धरलेला शिरीषकुमार गोळीबारांत पडला, तो अवघा पंधरा वर्षांचा होता, आणि त्याच्याबरोबर पडलेलींही शाळकरी पोरेंच होतीं. त्यांच्या नांवें आपण चौक बांधले हें योग्यच झालें. पण मुलांवर बंदूक रोखणार्‍या सत्तेचा धिक्कार करतांना, त्या वयाच्या मुलास त्या दिवशीं घरीं काय वाटत होतें, तो रात्रीं झोंपला होता कां, हें आपल्या इतिहासलेखनानें क्वचितच विचारलें आहे. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हुतात्म्यास भीति वाटत नाहीं. शिंजीस वाटते, आणि म्हणून चौदा वर्षांचा वाचक त्याच्याशीं बोलूं शकतो.

ह्या मालिकेंत दोष नाहींत असें नाहीं. ख्रिस्ती धर्मांतील क्रूस, देवदूत इत्यादि चिन्हांची तींत जी गर्दी आहे ती बहुतांशीं सजावट आहे. तिच्यांतून गूढ अर्थ काढणारांनीं बरेच कागद उगाच खर्ची घातले आहेत. शेवटचे दोन भाग तर लढाई सोडून केवळ मुलाच्या मनांत शिरतात. तेथें चित्रेंही अर्धवट, रेखाटनें तशींच ठेवलेलीं. पुष्कळ प्रेक्षक संतापले, आणि १९९७ त चित्रपट काढून निराळा शेवट करावा लागला. आम्हांस तो पहिला, अपुरा शेवटच अधिक प्रामाणिक वाटतो. मालिकेपूर्वीं चार वर्षें आपण कांहींही करूं शकलों नाहीं, असें स्वतः आन्नो ह्यांनीं लिहून ठेवलें आहे. अशा मनुष्यानें विजयाचा सोहळा रंगविला असता तर तोच खोटा ठरला असता.

२००७ पासून त्यांनीं हीच कथा चार चित्रपटांत पुन्हां सांगितली. शेवटचा २०२१ सालीं आला. तेथें यंत्रें नाहींशीं होतात. शिंजी मोठा झालेला दिसतो, आणि चित्रांतून निघून खर्‍या छायाचित्रणांत शिरतो. तो जेथून धांवत बाहेर पडतो तें आन्नो ह्यांच्या जन्मगांवचें, उबे शहरांतलें, लहानसें रेल्वे स्टेशन आहे. कॅमेरा वर जातो तसे कारखाने दिसूं लागतात, धुरांड्या दिसतात, आणि घरांवरून गेलेल्या तारा दिसतात.