मुलाचा एक डोळा पुढे येतोय? खोबणीतल्या कॅन्सरविषयी माहिती

एका डोळ्याची वरची पापणी सुजते, डोळा पुढे किंवा खाली सरकल्यासारखा दिसतो. घरात कुणी म्हणतं चेंडू लागला असेल, कुणी म्हणतं नजर लागली. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण दहाएक वर्षांच्या आतल्या मुलात ताप नसताना ही सूज दिवसागणिक वाढत असेल, तर रॅब्डोमायोसार्कोमा या कॅन्सरची शंका घ्यावीच लागते. आजार दुर्मिळ आहे, मात्र मुलांच्या डोळ्याच्या खोबणीत सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो.

डोळ्याचा कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे २००४ चा 'श्वास' सिनेमा आठवतो. त्यातल्या परशाची नजर जाते. मात्र तो आजार रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा. हा वेगळा, गाठ बुबुळाच्या आत नसून खोबणीतल्या मऊ भागात असते. "डोळा काढतील" या भीतीने पालक आठवडे घालवतात, आणि नुकसान तिथेच होतं. १९६० च्या दशकापर्यंत खोबणीतलं सगळं काढून टाकत, तरी बरीच मुलं वाचत नसत. आता आधी किमो आणि रेडिएशन देतात; डोळा बहुधा राहतो. आजार खोबणीपुरताच असेल तर १० पैकी ९ मुलं वाचतात, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे.

निदान नुसत्या बघण्याने होत नाही. सीटी स्कॅन किंवा एमआरआय, मग गाठीचा तुकडा काढून तपासणी. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो हा गैरसमज आहे. पुढे छाती आणि हाडांतला मगज तपासून आजार कुठवर गेलाय ते पाहतात. किमो कित्येक महिने चालते, रेडिएशन साधारण पाच आठवडे. दुआ जरूर करा, दम करून घ्या, पण त्यासाठी तारीख चुकवू नका.

नांदेडकरांना हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालय जवळ पडतं. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी आहे, परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. मुलाचं नाव कार्डावर चढवलेलं नसतं, ते आधी बघा. उपचारानंतर मोतीबिंदू, डोळा कोरडा पडणं, त्या बाजूचं हाड कमी वाढणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते.