‘विरोधक’ या नावाचे अर्धसत्य

काव्यशास्त्र शिकवताना ‘सैंधव’ या शब्दाचे उदाहरण हटकून येते. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. जेवायला बसलेल्याने सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा. शब्द तोच, अर्थ ठरवते ते प्रकरण. टॅमॉक्सिफेन या औषधाच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट वैद्यकशास्त्राच्या ध्यानात यायला सुमारे पंचवीस वर्षे लागली. या विलंबाला इतर कारणांबरोबर त्याला दिलेले नावही जबाबदार होते, असे मला वाटते.

१९६२ साली इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, आल्डर्ली पार्क येथील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी हे संयुग तयार केले. आर्थर वॉलपोल यांच्या गटाला संबंधानंतर घेता येईल असे गर्भनिरोधक हवे होते. उंदरांमध्ये या संयुगाने गर्भधारणा रोखली. स्त्रियांमध्ये मात्र त्याने बीजमोचनाला उलट चालनाच दिली. गर्भनिरोधक म्हणून ते बाद झाले. प्रकरण बदलले की अर्थ बदलतो, याची ही पहिली खूण होती. पण त्या वेळी तिच्याकडे एक अपयश म्हणूनच पाहिले गेले.

औषधाला दुसरा जन्म मिळाला तो मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या ४६ स्त्रियांना ते देण्यात आले आणि त्यांतील दहाजणींना गुण आला, असे १९७१ साली प्रसिद्ध झाले. १९७३ मध्ये ब्रिटनने आणि १९७७ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. तोवर त्याची जातकुळी ठरून गेली होती : ‘अँटी-इस्ट्रोजेन’, इस्ट्रोजेनचा विरोधक.

हे नाव निराधार नव्हते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीतील एका विशिष्ट प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला चिकटते, हे शिकागोच्या एलवुड जेन्सन यांच्या प्रयोगांतून पुढे आले होते. ग्राही म्हणजे कुलूप, संप्रेरक म्हणजे किल्ली, असे चित्र त्यामुळे रूढ झाले. टॅमॉक्सिफेन ही कुलपात अडकून बसणारी खोटी किल्ली. चित्र सुबोध होते. पण त्यातून एक निष्कर्ष अटळपणे निघत होता : जो विरोधक आहे तो सर्वत्र विरोधकच असणार. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यावर हाडे ठिसूळ होतात; तर मग वर्षानुवर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीचे काय होणार?

क्रेग जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शंका अंडाशय काढलेल्या उंदरांवर तपासली. १९८७ साली आलेले उत्तर अपेक्षेच्या उलट होते : हाडे टिकून राहिली. १९९२ मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांच्या कण्यातही तेच दिसले. दरम्यान, १९८८ च्या एका प्रयोगात एकाच उंदराच्या अंगावर मानवी स्तनाची आणि गर्भाशयाच्या अस्तराची अशा दोन गाठी वाढवण्यात आल्या. टॅमॉक्सिफेनने पहिली रोखली आणि दुसरी वाढवली. एकच देह, एकच औषध, आणि दोन परस्परविरोधी अर्थ!

याचा उलगडा पुढे झाला. ग्राही हे ताठ कुलूप नाही. जे चिकटेल त्याप्रमाणे आकार बदलणारे ते प्रथिन आहे. इस्ट्रोजेन बसले की ग्राहीच्या टोकाची एक नागमोडी पट्टी झाकणासारखी मिटते आणि जनुके चालू करणाऱ्या सहायक प्रथिनांना जागा तयार होते. टॅमॉक्सिफेनची लांब शाखा त्या पट्टीला ढकलते, आणि पट्टी नेमकी सहायकांच्याच जागी जाऊन बसते. हे रचनाचित्र १९९८ मध्ये मिळाले. पण ग्राहीला कार्यान्वित होण्याची दुसरीही एक वाट असते, आणि ती चालेल की नाही हे त्या पेशीत कोणती सहायक प्रथिने किती आहेत यावर ठरते. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींत असे एक प्रथिन मुबलक असल्यानेच तिथे टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनसारखे वागते, असे २००२ मधील संशोधनाने दाखवले. शिवाय १९९६ मध्ये स्वीडनमध्ये ग्राहीचा दुसरा प्रकारही सापडला होता.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. धोका अधिक असलेल्या, पण निरोगी अशा १३,३८८ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले. टॅमॉक्सिफेनमुळे स्तनाचा आक्रमक कर्करोग ४९ टक्क्यांनी घटला. गर्भाशयाच्या अस्तराचा मात्र सुमारे अडीचपट झाला, आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. आजारी स्त्रीसाठी हा हिशेब सरळ होता. निरोगी स्त्रीने तो कसा मांडावा? रॅलॉक्सिफेन हे याच कुळातले औषध हाडांसाठी १९९७ मध्ये मान्य झाले; ते गर्भाशयाच्या अस्तराला चेतवत नाही, पण गुठळ्यांचा धोका त्यालाही आहे.

आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने घडवलेले सेंटक्रोमन याच कुळातले. ‘सहेली’ या नावाने ते १९९१ मध्ये बाजारात आले आणि २०१६ पासून ‘छाया’ म्हणून शासकीय कुटुंबनियोजनात दाखल झाले. वॉलपोल ज्या कामासाठी निघाले होते, त्याच्या जवळ जाणारे काम या गोळीने केले.

जुने नाव अपुरे पडल्यावर नवे आले : ‘सिलेक्टिव्ह इस्ट्रोजेन रिसेप्टर मॉड्युलेटर’. निवड करणारा नियंत्रक. हे नाव अधिक प्रामाणिक आहे खरे. पण चिकित्सकपणे वाचले तर तेही पुरते खरे नाही. रेणू काहीच निवडत नाही. तो रक्ताबरोबर सगळीकडे जातो. निवड करते ती ऊती. सैंधवाच्या उदाहरणात ऐकणारा एकच असतो आणि तो एकच अर्थ घेतो. इथे स्तन, हाड, गर्भाशय आणि रक्त एकाच वेळी ऐकतात, आणि प्रत्येकजण आपापला अर्थ घेतो. त्यांतला हवा तेवढाच अर्थ घेण्याची मुभा गोळी घेणाऱ्या स्त्रीला नसते. म्हणूनच लाभ आणि अपाय यांना ‘परिणाम’ आणि ‘दुष्परिणाम’ असे वेगवेगळे शब्द आपण वापरतो तेव्हा, ती दोन्ही एकाच गुणाची फळे आहेत, एवढे तरी तिला सांगितले गेले पाहिजे.