स्टीरिओ संच : भाग व तारांची सुधारणा

घरच्या स्टीरिओ संचातील स्पीकर, अँप्लिफायर, वादनयंत्र किंवा त्यांना जोडणाऱ्या तारा बदलल्याने आवाज सुधारतो का, हा शौकिनांमधला जुना वाद. स्पीकर बदलला तर फरक शेजाऱ्यालाही कळतो. पुरेशी जाड तांब्याची तार काढून तिच्या जागी महाग तार घातली, तर तो बहुधा मालकालाच कळतो, तोही किंमत ठाऊक असल्यामुळे.

स्पीकरच्या तारेचा रोध कमी असावा, एवढेच खरे महत्त्वाचे. 0.5 चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.034 ओहम असतो. स्पीकर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तार लागते आणि 8 ओहमच्या स्पीकरची पातळी साधारण 0.36 डेसिबेलने घटते. पॉवर पॉइंटला ओढतात ती 2.5 चौरस मिमीची वायर वापरली तर घट 0.07 डेसिबेलवर येते. ऑक्सिजनमुक्त तांबे साध्या विद्युत तांब्याहून जेमतेम एखादा टक्का सुवाहक, चांदी सुमारे सहा टक्के. तेवढे साधायला वायर किंचित जाड घेतली तरी पुरते.

तरीही तार बदलल्यावर ‘आवाज मोकळा झाला’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. जुनी पिन उपसून नवी बसवताना सॉकेटमधला काळा थर खरवडला जातो. जुनीच पिन दोनदा काढून घातली असती तरी चालले असते. शिवाय जो आवाज किंचित मोठा तो कानाला चांगला वाटतो. म्हणून परीक्षा घ्यायची तर दोन्ही तारांवरची पातळी 0.1 डेसिबेलपर्यंत जुळवावी आणि कोणती तार जोडली आहे ते ऐकणाऱ्याला सांगू नये. 16 पैकी 12 वेळा अचूक ओळखले तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते. महाग तारांचा फरक असा ओळखून दाखवणाऱ्यास जादूगार व संशयवादी जेम्स रँडी यांनी 2007 मध्ये दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते कोणी जिंकले नाहीत.

खरा फरक खोली पाडते. उजनीच्या जलाशयात जुने गाव गेल्यावर वसलेल्या पळसदेवच्या नव्या गावठाणातली दहा बाय बारा फुटांची खोली घेऊ: खाली फरशी, वर पत्रा, भिंतीला गुळगुळीत गिलावा. अशा खोलीत 47 आणि 56 हर्ट्झच्या आसपास बास घुमतो, वरचे स्वर भिंतींवरून उसळतात. स्पीकर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर ठेवला असेल तर कपाटही साथीला बसते. तो खाली उतरवून हात-दीड हात पुढे ओढावा, समोरच्या भिंतीला जाड गोधडी टांगावी. गोधडी वरचे स्वर शोषते, बास नाही. त्यासाठी स्पीकरची आणि बैठकीची जागाच बदलून पाहावी लागते. यातले काहीच स्टीरिओच्या दुकानात विकत मिळत नाही, म्हणून कदाचित त्याची चर्चा कमी.

दुसरी बाब विजेची. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू होऊन दाब 230 वरून 180 व्होल्टवर आला, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँप्लिफायरची कमाल शक्ती सुमारे 61 टक्के उरते आणि मोठ्या आवाजात गाणे फुटते. तिथे तार बदलून काय होणार? उलट अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी वाढ 3 डेसिबेलचीच.

जुन्या अँप्लिफायरमधला एक भाग मात्र बदलण्याजोगा असतो: सुकलेला फिल्टर कपॅसिटर. पुण्याच्या तापकीर गल्लीत तो सुटा मिळतो. व्होल्टचा आकडा मूळच्याहून कमी नसावा. गुणगुण येत असेल तर आधी इनपुटची लीड काढून पाहावी. थांबली तर दोष लीडचा, जोडलेल्या यंत्राचा किंवा अर्थिंगचा, आणि सूर बहुधा 50 हर्ट्झचा. लीड काढूनही 100 हर्ट्झची घरघर राहिली तर संशय कपॅसिटरवर.