एका शहराची पाच महिन्यांतली तीन मतं

संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘मतदाराचे मानस’. मी त्यांना म्हटलं, मानस वगैरे मला कळत नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही बराच काळ तर्कशास्त्र. तेव्हा मतदाराच्या मनात काय चाललेलं असतं ते मी सांगू शकणार नाही. त्याच्या वागण्यात काही तर्क आहे की नाही, एवढं बघू शकतो. आणि त्यासाठी फार लांब जायचं नाहीये. मुंबईत जायचंय, डिसेंबर १९८४ ते एप्रिल १९८५ या काळात.

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ते दिवस आठवत असतील. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक आली. देशभर काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३. मुंबईत तेव्हा सहा जागा होत्या, त्यातल्या पाच काँग्रेसच्या. सहावी कोणाची, तर डॉ. दत्ता सामंतांची. दक्षिण-मध्य मुंबई, म्हणजे गिरणगाव. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला गिरण्यांचा संप तोवर मोडल्यात जमा होता, पण संपाच्या नेत्याला लोकांनी एवढ्या मोठ्या लाटेतही अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवलं. हा धागा बाजूला ठेवा, पुढे लागेल. शिवसेनेचं काय झालं? मनोहर जोशी आणि वामनराव महाडिक कमळाच्या चिन्हावर उभे राहिले होते. होय, कमळाच्या. आजच्या तरुणांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. दोघेही पडले.

मार्चमध्ये विधानसभा. काँग्रेसला राज्यात २८८ पैकी १६१ जागा. बहुमत झालं, सत्ता राहिली, पण गणित बघा. डिसेंबरात दहातल्या नऊ जागा, मार्चमध्ये दहातल्या साडेपाच. शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसला ५४ जागा मिळाल्या. आणि शिवसेनेचा अख्ख्या महाराष्ट्रातून एकच आमदार निवडून आला, माझगावातून छगन भुजबळ. सेना संपली, असं तेव्हा ठामपणे बोललं जायचं.

मग एप्रिलमध्ये महापालिका. शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली, पालिका ताब्यात घेतली, आणि तो एकुलता एक आमदार मुंबईचा महापौर झाला.

शहर तेच. रेशनकार्डं तीच. मतदार यादीही जवळपास तीच. चार-पाच महिन्यांत तीन वेगळी उत्तरं. यावर दोन निदानं हमखास ऐकायला मिळतात. एक, मतदार लहरी आहे, वारा येईल तसा वाहतो. दुसरं याच्या अगदी उलट, मतदार फार धूर्त आहे, तो मुद्दाम तोल साधतो, एकाला दिल्ली आणि दुसऱ्याला मुंबई देतो. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात मतदाराचा अपमान आहे. दुसऱ्यात त्याची खुशामत आहे. लाखो माणसं एकमेकांना न विचारता तोल कसा साधतील?

अव्याघाताचा नियम आम्ही वर्गात शिकवायचो. ॲरिस्टॉटल म्हणतो की एकच गुण एकाच वस्तूला एकाच वेळी असणं आणि नसणं शक्य नाही. विद्यार्थी इथेच थांबतात आणि परीक्षेत एवढंच लिहितात. पण त्या वाक्याला एक शेपूट आहे, ‘एकाच संदर्भात’. सगळी गंमत त्या शेपटात आहे. एखादा माणूस उत्तम डॉक्टर आणि वाईट शेजारी असू शकतो, यात व्याघात काही नाही. तसंच एखादा पक्ष मला देशासाठी हवा आणि माझ्या वॉर्डासाठी नको, यातही व्याघात नाही. तो सिद्ध करायचा असेल तर तिन्ही वेळा प्रश्न एकच विचारला होता हे आधी दाखवावं लागेल.

आणि तो एक नव्हताच. डिसेंबरात विचारलं जात होतं की देश एकसंध राहणार का, आणि तो सांभाळणार कोण. मार्चमध्ये प्रश्न आला राज्य कोण चालवणार. आपल्या भागाचा माणूस कोण, साखर कारखाना कोणाचा, कापसाला भाव कोण देणार, असे त्याचे पोटप्रश्न होते. आणि एप्रिलमध्ये प्रश्न होता नळाला पाणी किती वाजता येतं. शिवसेनेच्या शाखा या तिसऱ्या प्रश्नावर १९६६ पासून काम करत होत्या. शाळेतला प्रवेश, रुग्णालयातली खाट, नाक्यावरची भांडणं, सगळं शाखेत. त्यात भर पडली वसंतदादांच्या बोलण्याची. मुख्यमंत्री असताना त्यांनी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या हालचालींबद्दल जाहीर शंका व्यक्त केली, आणि सेनेला आयता मुद्दा मिळाला. तो नसता तर सेना जिंकली असती का, याची खात्री देता येत नाही. पण नुसत्या मुद्द्यावर मत मिळत नाही. मुद्दा घेऊन दारात येणारा ओळखीचा माणूस लागतो, आणि तो वॉर्डात सेनेकडे होता. लोकसभेच्या मतदारसंघात लाखो माणसं. तिथे उमेदवाराचा चेहरा क्वचितच दिसतो, दिसतो तो पक्ष, किंवा पंतप्रधान. वॉर्डात नगरसेवकाचं घर कुठल्या गल्लीत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हे मुंबईपुरतंच होतं असं नाही. त्याच तीन महिन्यांत कर्नाटकात काय झालं? लोकसभेच्या २८ पैकी २४ जागा काँग्रेसने घेतल्या. मुख्यमंत्री होते जनता पक्षाचे रामकृष्ण हेगडे. नैतिक जबाबदारी म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि पुन्हा कौल मागितला. मार्चमध्ये २२४ पैकी १३९ जागा मिळवून ते परत आले. लोकसभेत पडलो म्हणून राज्याचा कौल गेला असं धरून चालणं सभ्यपणाचं होतं, पण अनुमान म्हणून चुकलं.

आता कोणी म्हणेल, सर, मध्ये तीन महिने गेले, माणूस तीन महिन्यांत मत बदलू शकतो. रास्त शंका आहे. तेव्हा वेळ ही गोष्टच काढून टाकू. एकच दिवस, एकच केंद्र, एकच माणूस. १९९९.

त्या वर्षी एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. उन्हाळ्यात कारगिल झालं. महाराष्ट्रात युतीचं सरकार होतं, नारायण राणे मुख्यमंत्री होते, आणि विधानसभेची मुदत संपायला साधारण सहा महिने बाकी होते. युतीने विधानसभा मुदतीआधी विसर्जित केली आणि दोन्ही निवडणुका एकत्र घेतल्या. हिशोब उघड होता. वाजपेयींच्या नावावर लोक येतील, आल्यासारखे दोन्ही कागदांवर एकाच बाजूला शिक्का मारतील. वर समोर काँग्रेस जूनमध्येच फुटलेली, राष्ट्रवादी वेगळी लढणार. याहून सोपी निवडणूक कोणती?

बहुतेक ठिकाणी तेव्हा मतपत्रिकाच होत्या. लोकसभेची पांढरी, विधानसभेची गुलाबी. पांढऱ्या कागदावर युतीला ४८ पैकी २८ जागा मिळाल्या. गुलाबीवर २८८ पैकी १२५. शिवसेना ६९, भाजप ५६. काँग्रेस ७५ आणि राष्ट्रवादी ५८, हे दोघे निकालानंतर एकत्र आले आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. नुसत्या जागा बघून मी बोलत नाहीये. युतीची मतंच लोकसभेला सुमारे ३८ टक्के होती, ती विधानसभेला ३२ टक्क्यांच्या आसपास आली. त्याच दिवशी.

सगळं श्रेय मतदाराच्या विवेकाला देऊ नका, हेही सांगतो. मतदारसंघाच्या आकाराचा यात मोठा हात आहे. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात नेमके सहा विधानसभा मतदारसंघ बसतात. मोठ्या मतदारसंघात फुटलेल्या काँग्रेसची मतं दोन्हीकडे वाहून गेली. लहान मतदारसंघात स्थानिक पुढारी, त्याची बँक, त्याचा दूध संघ, त्याची भावकी पुरेशी ठरली. बंडखोर आणि अपक्षही तिथेच तग धरतात. पण हे मान्य करूनही त्या सहा टक्क्यांचं काय करायचं? ती माणसं केंद्रात आली, दोन कागद घेतले आणि दोन ठिकाणी शिक्के मारले. त्यांना कोणी तसं शिकवलं नव्हतं. उलट सगळा प्रचार एकाच ठिकाणी मारा म्हणून सांगत होता.

याला मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्याच इतिहासातला आहे. १९५७. तेव्हा लोकसभा-विधानसभा एकत्रच होत असत, १९६७ पर्यंत तशीच पद्धत होती. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती. यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून थोडक्यात वाचले. १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते मिरजकर मुंबईचे महापौर झाले. दिल्ली, राज्य, पालिका, सगळीकडे एकच उत्तर, कारण सगळीकडे प्रश्न एकच होता. मुंबईसह महाराष्ट्र मिळणार की नाही? तो १ मे १९६० ला सुटला. दोन वर्षांनी काँग्रेसला लोकसभेच्या ४४ पैकी ४१ आणि विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. समितीतल्या पक्षांना याचं फार वाईट वाटलं, ते साहजिक होतं. पण मतं त्या पक्षांची नव्हतीच, प्रश्नाची होती. सामंतांचा धागा मी बाजूला ठेवा म्हटलं होतं तो इथे जुळतो. गिरणगावापुरता संप हाच प्रश्न होता, म्हणून तिथे दिल्लीच्या मतपत्रिकेवरही त्याचंच उत्तर उमटलं.

ग्रामपंचायतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. तिथे पक्षाचं चिन्हच नसतं. पॅनेल असतात, कपबशी असते, शिट्टी असते. एकाच पक्षाचे दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि दोन विरोधी पक्षांचे चुलतभाऊ एका पॅनेलमध्ये बसतात. निकालाच्या संध्याकाळी मात्र सगळे पक्ष आपापल्या सरपंचांचे आकडे जाहीर करतात. त्यांची बेरीज एकदा करून बघा, राज्यात तेवढी गावं आहेत का!

आता हे सगळं आज का सांगतोय. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांसाठी १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. विरोधक म्हणतात, एकत्र घेतल्या की राष्ट्रीय लाटेत राज्यं वाहून जातील. समर्थक म्हणतात, मतदार शहाणा आहे, तो फरक करतो. माझी उदाहरणं समर्थकांच्या कामाची आहेत असं तुम्हाला वाटेल. त्यांच्याच महिनाभर आधीचं आणखी एक देतो. २० नोव्हेंबर २०२४, नांदेड. विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक. सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीला, आणि त्याच सहा मतदारसंघांची मिळून होणारी लोकसभेची जागा काँग्रेसला, दीड हजाराहून कमी मतांनी. गुलाबी आणि पांढरा कागद जाऊन दोन यंत्रं आली, बाकी १९९९ च.

पण मी समर्थकांच्या बाजूने साक्ष द्यायला आलेलो नाही. मतदार वेगळी उत्तरं देऊ शकतो, ते त्याला वेगळे प्रश्न ऐकू आले तर. १९९९ मध्ये ते ऐकू आले, कारण गावोगावी राज्याचे प्रश्न बोलणारी माणसं आणि पक्ष शिल्लक होते. १९५७ मध्ये एकच ऐकू आला. सभा एक, फलक एक, चेहरा एक असा प्रचार वर्षानुवर्षं चालला तर यंत्रं दोन ठेवून काय होणार? माझी भीती एकत्र मतदानाची नाही, एकत्र प्रचाराची आहे. विधेयकात तिच्यावर इलाज नाही, आणि कायद्याने तो करताही येणार नाही.

आणि तिसऱ्या प्रश्नाचं आपण काय केलं ते बघा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची तीच गत, जिल्हा परिषदांचीही. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालय, कारणं खरी होती. पण त्या काळात नळाच्या पाण्याबद्दल विचारायला मतपत्रिकाच नव्हती. २०२४ मध्ये आमच्या इमारतीत लोकसभेच्या उमेदवाराचे कार्यकर्ते आले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्यांना ड्रेनेजबद्दल धरलं. ते बिचारे म्हणाले, ताई, हा विषय खासदारांचा नाही. बाई म्हणाल्या, मग कोणाचा आहे त्याला पाठवा.

कोणीच आलं नाही, कारण तेव्हा तिथे नगरसेवकच नव्हता. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचा हात मघापासून वर आहे.